क्लेम म्हणजे अर्ज नव्हे, साहेब!

आपल्या नवापूर तालुक्यात शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही काही इंग्रजी शब्द तोंडपाठ आहेत. डेपो, रेशन, फॉरेस्ट, पेंडिंग. आणि या सगळ्यांत महागात पडलेला शब्द : क्लेम.

"क्लेम टाकलाय." "क्लेम पास झाला." "क्लेम उडाला." "क्लेम वरती पेंडिंग आहे." विसरवाडीतून निघा, खांडबाऱ्याकडे जा, चिंचपाड्याकडे जा, नाहीतर कोंडाईबारीच्या घाटाकडे जा. कुठल्याही पाड्यावर ही वाक्यं मावचीत, कोकणीत, अहिराणीत, मराठीत ऐकू येतील. भाषा बदलते, 'क्लेम' तेवढा तसाच राहतो.

मी विसरवाडीत लोकांचे कागद वाचून देतो, लागलं तर लिहूनही देतो. गेल्या काही वर्षांत वनजमिनीच्या क्लेमचे इतके कागद डोळ्यांखालून गेले, की आता एक गोष्ट जाहीर बोलायची वेळ आलीय. कायद्यानं हा शब्द ज्या अर्थानं वापरलाय, त्या अर्थानं तो टेबलाच्या पलीकडे कोणी वापरत नाही. आणि वाईट हे, की टेबलाच्या अलीकडे आपणही वापरत नाही. पोस्ट लांब आहे, पण ज्यांच्या घरात क्लेमचा कागद आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा. ज्यांच्या घरात नाही त्यांनीही वाचा, कारण "यांना फुकटची जमीन पाहिजे" असं चहाच्या टपरीवर बोलणारे बहुतेक तेच असतात.

आधी शब्द बघू.

क्लेम हा शब्द मुळात लॅटिन. ज्या धातूतून तो आला त्याचा अर्थ ओरडणे, मोठ्यानं हाक देणे. म्हणजे आपल्या शेतात कोणी गुरं घातली तर बांधावरून आपण हाळी देतो ना, "ए, ते माझं वावर हाय!" त्या हाळीचं नाव क्लेम. त्यात विनंती नाही. "कृपया विचार व्हावा" नाही. जे माझं आहे ते माझं आहे, एवढं चार लोकांना ऐकू जाईल असं सांगणं.

आता आपण याला मराठीत काय काय म्हणतो ते मोजा. दावा, मागणी, अर्ज, प्रकरण, केस, फाईल. सगळे जणू एकच असल्यासारखे आपण वापरतो. ते एक नाहीत. यातल्या प्रत्येक शब्दानं माणूस वेगळ्या जागी उभा राहतो.

अर्ज करणारा खाली उभा असतो. देणारा वर बसलेला असतो. द्यायचं की नाही ही त्याची मर्जी. बोअरवेलसाठी अर्ज, घरकुलासाठी अर्ज, शिलाई मशीनसाठी अर्ज. नाही मिळालं तर "यंदा कोटा संपला."

मागणीचंही तेच. मागणी मोर्चात करतात, मान्य होते किंवा आश्वासन मिळतं.

दावा मात्र बरोबरीनं करतात. कोर्टात दावा लावणारा माणूस न्यायाधीशाकडे भीक मागत नसतो. तो म्हणतो, हे माझं आहे, हे पुरावे, आता निर्णय द्या. दावा फेटाळायचा तर कारण लिहावं लागतं. "कोटा संपला" हे दाव्याचं उत्तर होऊ शकत नाही.

२००६ च्या वन हक्क कायद्यात कोणता शब्द आहे? क्लेम. दावा. कायद्याचं नाव बघा, त्यात 'वन हक्कांची मान्यता' असं आहे. वाटप नाही, मंजुरी नाही, मान्यता! मान्यता कशाची देतात? जे आधीपासून आहे त्याची. नवं काही देत नाहीत, असलेलं कबूल करतात. त्याच कायद्याच्या प्रस्तावनेत सरकारनं स्वतः लिहून दिलंय की इंग्रजांच्या काळात आणि स्वातंत्र्यानंतरही सरकारी जंगलं ठरवताना आदिवासींचे त्यांच्या वाडवडिलांच्या जमिनीवरचे हक्क नीट नोंदवले गेले नाहीत आणि त्यातून 'ऐतिहासिक अन्याय' झाला. ज्यानं अन्याय केला त्यानंच कबुली दिली. मग कबुलीनंतर त्याच्याच दारात अर्जदार म्हणून हात जोडून कोणी उभं राहायचं?

पण व्यवहारात काय चालतं? छापील कागदावर दावा आणि तोंडात अर्ज. दावेदाराचा 'लाभार्थी' होतो. मान्यतेचं 'पट्टे वाटप' होतं. मग मंडप, हारतुरे, पाहुणे, आणि स्टेजवर एका म्हाताऱ्याच्या हातात प्रमाणपत्र देताना चार पुढाऱ्यांचे हात त्या एका कागदाला लागलेले. दुसऱ्या दिवशी फोटो, "अमुक साहेबांच्या प्रयत्नांनी जमिनीचे वाटप." अहो, ज्याच्या बापानं ते वावर काढलं त्यालाच तुम्ही त्याचं वावर वाटता? उद्या माझ्या घरात येऊन माझाच तांब्या माझ्या हातात द्याल आणि फोटो काढाल.

शब्दानं काय फरक पडतो, जमीन मिळाल्याशी मतलब, असं काही भाऊ म्हणतील. फरक पडतो दादा. उदाहरण देतो.

मागच्या पावसाळ्यात एक बाबा कागद घेऊन आले. कार्यालयाचं नाव घेत नाही, कोणाला वाटेल वैयक्तिक राग काढतोय. कागदावर मुद्द्याची एकच ओळ, "पुराव्याअभावी अपात्र." कोणता पुरावा कमी पडला, काहीच नाही. तारीख जुनी होती आणि कागद बाबांच्या हातात फार उशिरा पडला होता. मी विचारलं, बाबा, तुमच्याकडे पुरावा काय होता? ते म्हणाले, "बांध हाय. माझ्या बापानं घातलेला. बांध घातला त्याची पावती कोण देतं?"

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. त्यात सरकारी कागद आहेतच. पण त्याच यादीत जमिनीवरचं काम पण आहे : घर, झोपडी, सपाटीकरण, बांध, बंधारा. विहिरी, दफनाच्या जागा, देवाच्या जागा पण आहेत. आणि दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाब, तोही पुरावाच. म्हणजे बाबांचा बांध हाच पुरावा होता, पावतीची गरजच नव्हती! कोणीतरी वावरात जाऊन तो बघायला पाहिजे होता आणि शेजारच्या आजीचा जबाब लिहून घ्यायला पाहिजे होता. अर्ज असता तर कागद नाही म्हणून फेकला, विषय संपला. दाव्यात मात्र तपासणाऱ्यावर जबाबदारी येते. हा फरक आहे शब्दाचा.

उपग्रहाच्या फोटोचंही तसंच. "फोटोत जंगल दिसतंय, शेती दिसत नाही" म्हणून दावा उडवल्याचं आपण ऐकतो. २०१२ च्या दुरुस्तीत स्पष्ट लिहिलंय की असं तंत्रज्ञान बाकीच्या पुराव्याला जोड म्हणून वापरायचं, बाकीचे पुरावे बाजूला सारून एकमेव पुरावा म्हणून नाही. आकाशातून दिसत नाही म्हणून जमिनीवरचा बांध खोटा ठरत नाही.

पुराव्याची एक गंमत सांगतो, हसावं की रडावं कळणार नाही. लोक जोडतात त्या कागदांत एक भारी कागद कोणता? फॉरेस्टनं पूर्वी केलेल्या दंडाची पावती! म्हणजे ज्याला 'अतिक्रमण' म्हणून पकडला, दंड ठोकला, त्याच्याकडे लेखी पुरावा आहे की हा इथं कसत होता. आणि जो कधी कोणाच्या नजरेत आला नाही, गुपचूप पोटापुरतं कसत राहिला, त्याच्याकडे काहीच नाही. गुन्हेगार ठरलेल्याचा हक्क सिद्ध, शांत बसलेल्याचा संशयित.

आता क्लेमचा दुसरा अर्थ. खरी मेख तिथं आहे. बातमीत वाचता ना, "पाणी पुरेसं असल्याचा दावा अधिकाऱ्यानं केला." इथं दावा म्हणजे, तो म्हणतोय, खरं असेलच असं नाही. इंग्रजीतही क्लेमला हा संशयाचा वास आहे. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ : एक, माझ्या हक्काची हाळी. दोन, ज्यावर अजून विश्वास ठेवायचा नाही असं बोलणं. कायदा पहिल्या अर्थानं लिहिलाय. टेबलावर तो दुसऱ्या अर्थानं वाचला जातो. फाईल उघडण्याआधीच मनात ठरलेलं असतं, हा खोटा असणार. आणि दाराशी उभा असलेला माणूस कागदावर आधीच 'अतिक्रमणधारक' झालेला असतो.

तिसरा अर्थ साता समुद्रापलीकडचा. अमेरिकेत १८६२ साली होमस्टेड कायदा आला. १६० एकर जमिनीवर क्लेम लावायचा, पाच वर्षं राहायचं, कसायचं, की जमीन नावावर. ती जमीन आधी कोणाची होती? तिथल्या मूळ रहिवाशांची. म्हणजे बाहेरून आलेल्या माणसाच्या क्लेमला पाच वर्षं पुरली. आपल्याकडे मूळ रहिवाशाच्या क्लेमला पिढ्या पुरत नाहीत, आणि कायद्यानं वर मर्यादा घातलीय ४ हेक्टरची, म्हणजे साधारण १० एकर. शब्द तोच. बोलणारा कोण आहे, त्यावर त्याचं वजन ठरतं.

"मग यांच्या बापजाद्यांनी तेव्हाच नावं का नाही लावली?" हाही प्रश्न टपरीवर येतो. त्याचं उत्तर १९२७ च्या वन कायद्यात आहे. त्याचा साचा १८७८ चा. कलम ६ बघा. जंगल राखीव करायचं ठरलं की अधिकारी जाहीरनामा काढणार, किमान तीन महिन्यांची मुदत देणार, आणि ज्याचा हक्क असेल त्यानं लेखी कळवावं किंवा समोर येऊन सांगावं. पुढे कलम ९ : ज्या हक्काबद्दल कोणी काही बोललं नाही आणि न बोलण्याचं पुरेसं कारणही वेळेत पटवून दिलं नाही, तो हक्क संपला. तीन महिने! घाटाखालच्या पाड्यावर, मावची बोलणाऱ्या, अक्षर न ओळखणाऱ्या माणसाला साहेबाच्या मुक्कामापर्यंत चालत जाऊन आपल्या वावराचा आणि गुरं चारायचा हक्क सांगायला तीन महिने.

इंग्रजीत जाहीरनाम्याला प्रोक्लेमेशन म्हणतात. तोही त्याच धातूचा शब्द, ओरडण्याचाच. सरकार ओरडलं ते प्रोक्लेमेशन, लोकांनी ओरडायचं ते क्लेम. सरकारचं ओरडणं गॅझेटात छापलं गेलं. लोकांचं ओरडणं डोंगरातच विरलं. ज्याला आपण अतिक्रमण म्हणतो त्यातलं पुष्कळ असं तयार झालं. माणूस जागचा हलला नाही, त्याच्या पायाखालच्या जमिनीचं नाव बदललं.

पुढे ३ मे २००२ ला केंद्राच्या पर्यावरण व वन खात्यानं सगळ्या राज्यांना पत्र पाठवलं, ३० सप्टेंबरपर्यंत अपात्र अतिक्रमणं काढा. देशभर आरडाओरडा झाला, आंदोलनं झाली, त्यातूनच पुढे २००६ चा कायदा आला. हा कायदा कोणी खुशीनं दिलेला नाही. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पायाला फोड येईस्तोवर माणसं चालत गेली, तेव्हा त्यांची एक मुख्य मागणी हीच होती, वन हक्काचे दावे निकाली काढा. आणि १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांना हटवण्याचा आदेश दिला, तेव्हा देशातल्या लाखो घरांवर टांगती तलवार आली. २८ फेब्रुवारीला कोर्टानंच तो आदेश थांबवला. थांबवला हे लक्षात ठेवा, आणि "पुराव्याअभावी अपात्र" ही एक ओळ एखाद्या घरावर काय आणू शकते हेही लक्षात ठेवा.

आता जंगलवाल्या मित्रांचा मुद्दा. "क्लेमच्या नावाखाली जंगल तोडतात." काही ठिकाणी तोडतात, डोळे मिटून चालणार नाही. पण कायद्यात तारीख आहे : १३ डिसेंबर २००५. त्याआधीपासून ताब्यात असलेल्या जमिनीचाच दावा होतो. काल कुऱ्हाड लावून आज क्लेम टाकणारा दावेदार नाही, तो जंगलाचाही चोर आणि खऱ्या दावेदाराचाही. त्याला गावानंच अडवलं पाहिजे. याच कायद्याचं कलम ५ ग्रामसभेला जंगल राखायचा अधिकार देतं. आणि एकट्याच्या वावरापुरता हा कायदा नाहीच. अख्ख्या गावाला आपल्या जंगलावर सामूहिक दावा करता येतो. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावानं २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर हक्क मिळवला. शेजारच्या साक्री तालुक्यात बारीपाड्यानं तर कायदा यायच्या कितीतरी आधी जंगल राखून दाखवलं, त्या कामासाठी चैत्राम पवारांना २०२५ ला पद्मश्री जाहीर झाली. घाट चढला की त्यांचा तालुका लागतो. तिथं जमतं, मग आपण वैयक्तिक क्लेमच्या पुढे का जात नाही, हे आपण आपल्यालाच विचारायला पाहिजे.

आपल्यातल्या दलालांबद्दलही बोलतो. "क्लेम पास करून देतो, वर द्यावे लागतात" असं म्हणणारे प्रत्येक बाजारात फिरतात. यांचा धंदाच 'अर्ज' या शब्दावर चालतो. जोपर्यंत माणसाला वाटतं की साहेबाच्या मर्जीवर आहे, तोपर्यंत मर्जी मिळवून देणारा लागतो. हा आपला दावा आहे आणि फेटाळायचा तर कारण लिहून द्यावं लागतं, हे ज्या दिवशी पाड्याला कळेल त्या दिवशी दलालाचं दुकान बंद.

मराठीत दावा हा शब्द अरबी-फारसीकडून आला. पण आपल्या गोठ्यात दुसरं एक दावं आहे, गुरं बांधायचं. एकाच्या शेवटी काना, दुसऱ्याच्या डोक्यावर ठिपका, एवढाच फरक. आज परिस्थिती अशी आहे की माणूस दावा करतो आणि दाव्याला बांधला जातो. तलाठी, वनरक्षक, प्रांत, जिल्हा, परत ग्रामसेवक. खुंट्याभोवती गुरू फिरतं तसा माणूस फिरतो, दोरी तेवढीच राहते. ती दोरी सोडायची तर कोणाच्या मेहेरबानीची वाट बघू नका. पुढच्या गोष्टी घराघरात सांगा :

१. कागद देताना वन हक्क समितीकडून पोच घ्या. दावा घेणं आणि त्याची पोच देणं हे समितीचं काम आहे. पोच नसेल तर उद्या "आलाच नाही" म्हणतील.

२. एकाच पुराव्यावर थांबू नका. बांध, झाडं, विहीर यांचा पंचनामा करा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब आत्ताच लिहून घ्या. ती माणसं गेली की तो पुरावा कुठल्याच कार्यालयात मिळत नाही.

३. ग्रामसभेचा ठराव अपुरा वाटला तर वरच्या समितीनं तो स्वतः परस्पर फेटाळायचा नाही, फेरविचारासाठी ग्रामसभेकडे परत पाठवायचा. हे २०१२ पासून नियमात आहे. "वरून उडाला" हे ऐकून गप्प बसू नका.

४. नामंजुरी लेखी मागा, कारणासह. उपविभागीय समितीच्या निर्णयावर जिल्हा समितीकडे जायला ६० दिवस असतात. जिल्हा समितीनं नाही म्हटलं तरी आपला तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, आणि १८ मे २०२० च्या राज्यपालांच्या अधिसूचनेनं विभागीय समितीकडे अपील करायची सोय झालीय. जिल्ह्यातून नकार आला म्हणजे सगळं संपलं, हे खोटं आहे.

५. चौकशी आणि मान्यतेची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत कायद्यानं कोणाला जमिनीवरून हटवता येत नाही. कलम ४, पोटकलम ५. हा आकडा पोरांना पाठ करायला लावा.

६. मान्यता मिळाली की ती नवरा-बायको दोघांच्या नावानं असते. प्रमाणपत्रावर बाईचं नाव नसेल तर स्टेजवरून खाली उतरायच्या आधी विचारा.

आणि साहेब लोकांना, जे यातलं थोडंफार वाचत असतील, त्यांना आदरानं एकच सांगणं. तुमच्यात चांगली माणसं आहेत, उन्हात पाड्यावर जाऊन बांध मोजणारी पण मी पाहिलीत. तुम्ही फक्त बोलताना शब्द नीट वापरा. समोरच्याला 'अर्जदार' म्हणू नका, 'लाभार्थी' तर अजिबात नको. 'दावेदार' म्हणा. तोंडात तो शब्द बसला की खुर्चीतून आपोआप थोडं पुढे झुकून ऐकाल.

मोर्चाला येणाऱ्या आपल्या भावांनाही सांगतो. बॅनरवर 'क्लेम मंजूर करा' लिहू नका. मंजुरी साहेब देतात, हक्क आपल्या वाडवडिलांनी कमावलाय. 'आमचे दावे मान्य करा' असं लिहा. कापड तेवढंच लागतं.

पटलं तर पाड्यापाड्याच्या ग्रुपवर पाठवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा, जमलं तर मावचीत सांगा. नाही पटलं तर खाली लिहा, पण कोणत्या कलमावर आक्षेप आहे ते लिहा.